ड्रेसरची बायको

"बदक?" काउंटरवरच्या बाईनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "काकू, इथं कुत्री-मांजरं पाहतात. बदक नाही पाहत."

"जनावराचाच दवाखाना हाये ना?"

"हो, पण आमच्या डॉक्टरांना बदकांची सवय नाही."

"मले तरी कुठं होती," पार्बताबाई म्हणाल्या आणि सरळ बाकावर जाऊन बसल्या.

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या दवाखान्यात भिंतींवर हसऱ्या कुत्र्यांची चित्रं होती. शेजारच्या माणसाच्या मांडीवर एक केसाळ मांजर डोळे मिटून पडलं होतं, त्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला घुंगरू. पार्बताबाईंच्या मांडीवर भाजीची पिशवी होती आणि पिशवीतून एक पांढरी मान बाहेर आली होती. चोच उघडी. थोड्या थोड्या वेळानं पिशवी आतून ताठ व्हायची, शेपटीचा भाग वर-खाली व्हायचा आणि मग मान दमून पार्बताबाईंच्या हातावर पडायची. वलगावाहून ऑटोनं येताना त्यांनी त्या कळा मोजायला सुरुवात केली होती आणि वाटेतल्या नवसारीच्या आधीच सोडून दिली होती. मोजल्यानं कळा थोड्याच थांबतात.

घरी त्या नवऱ्याला, शेषरावांना, शेजारच्या दुर्गाबाईच्या भरवशावर टाकून आल्या होत्या. शेषरावांनी सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत एकतीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली. ड्रेसर म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर औषध लिहितो; ड्रेसर बैलाचा पाय उचलतो, जखम धुतो, किडे वेचतो, पट्टी बांधतो आणि वेळ पडली तर अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो. एवढं करून माणूस घरी आला की त्याला वास येतो. पार्बताबाईंना तो वास एकतीस वर्षांत एक दिवस सहन झाला नाही.

अकोटला असताना आणि पुढे जिथं जिथं बदली झाली तिथं, संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की त्या तांब्या घेऊन दारात उभ्या राहायच्या. "हात दाखवा." शेषराव पायरीखाली उभे राहून दोन्ही हात पुढे करायचे. त्या उंचावरून पाणी घालायच्या, शिंतोडासुद्धा लुगड्यावर येऊ नये म्हणून. मग साबण, पुन्हा पाणी, पंजे उलटे, पंजे सुलटे, नखं. सगळं पाहून झालं की त्या बाजूला सरायच्या आणि म्हणायच्या, "चला." तेव्हा कुठं स्वारीला स्वतःच्या घरात प्रवेश मिळायचा. जेवताना शेषरावांनी "आज एका म्हशीचं" एवढं म्हटलं की त्या म्हणायच्या, "जेवताना नका सांगू." शेषराव हसायचे आणि गप्प व्हायचे. एकतीस वर्षांच्या गोष्टी अशा घासाबरोबर गिळल्या गेल्या, आणि आता ऐकायच्या म्हटल्या तर सांगणारी जीभ राहिली नव्हती.

अर्ध्या तासानं डॉक्टरीण स्वतःच बाहेर आली. तिशीचीही नसेल. "आत या काकू," ती म्हणाली. "मला बदकांतलं फार कळत नाही, आधीच सांगते. पण पाहते."

तिनं टेबलावर टॉवेल पसरला आणि पिशवीतून बदक अलगद बाहेर काढलं. "नाव काय?"

"मॅडम."

डॉक्टरणीनं वर पाहिलं.

"तुमाले नाई, इले म्हनतो. आमच्या मालकानं ठेवेल नाव हाये. त्याईच्या दवाखान्यात तपासनीले एक मॅडम येत, अशाच मान वर करून डुलत डुलत फिरत."

डॉक्टरीण हसली आणि पायाची चिंधी सोडू लागली. तळव्याच्या मधोमध काळी खपली होती, भोवतालची सूज उतरत आली होती. पार्बताबाईंनी सांगितलं: महिन्याभरापासून लंगडत होती, मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवला, हळद-तेल लावलं, रोज नवी पट्टी बांधली. पट्टी भिजू नये म्हणून नऊ दिवस झाले, भाजीच्या क्रेटमध्ये ठेवली आहे, पाण्याच्या टाक्यात सोडली नाही.

"पाय बरा होतोय. छान केलंत तुम्ही," डॉक्टरीण म्हणाली. "पण हे कशानं होतं, तर कडक, खरखरीत जमिनीनं. बदकाचा तळवा मऊ असतो. अंगण कसलं आहे तुमचं?"

"मातीचंच होतं. चार म्हयने झाले, कोबा केला."

"मग त्यानंच." तिचे हात पोटाखाली गेले, शेपटीपाशी थांबले आणि चेहरा बदलला. "अंडं अडकलंय काकू. कधीपासून कुंथतेय?"

"काल सकायपासून."

"नऊ दिवस चालणं नाही, पोहणं नाही. आणि खायला?"

"भात. भाकर चुरून."

"शिंपल्यांचा चुरा, अंड्याची टरफलं, असलं काही देत होता का? अंड्याचं कवच त्यातूनच बनतं, आणि ते बाहेर ढकलायची ताकदही त्यातूनच येते."

पार्बताबाईंच्या डोळ्यांपुढे ओसरीवरच्या खिडकीची फळी आली. त्या फळीवर एक पत्र्याचा डबा असायचा. शेषराव घरातली अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, कुटून त्यात भरायचे, कुठून कुठून शिंपले आणून त्यात मिसळायचे. त्या डब्यालाही वास यायचा. कोब्याची माणसं आली त्या दिवशी पार्बताबाईंनी तो डबा मुरमात उपडा केला आणि वरून सिमेंट पडलं. घाण गेली, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

त्यानंतर रोज सकाळी त्या मॅडमपुढे भात टाकायच्या तेव्हा शेषराव डावा हात खिडकीकडे करायचे. त्यांनी चष्मा दिला. नको. रेडिओ दिला. नको. भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं, देवाचा फोटो दिला. एक दिवस चिडून म्हणाल्या, "काय पाह्यजे ते नीट सांगा, नाईतर हात खाली ठेवा." शेषरावांनी हात खाली ठेवला आणि पुन्हा कधी खिडकीकडे केला नाही.

डॉक्टरणीनं पिचकारीनं चोचीत औषध सोडलं. "हे ताकदीचं आहे, पण उशीर झालाय. घरी कोमट पाण्यात बसवा, तेल लावा. आणि जोरानं दाबू नका. अंडं आत फुटलं तर ती जगणार नाही. खरं तर याला सवय असलेला हात पाहिजे. अकोल्याला मोठा दवाखाना आहे, तिथं नेलंत तर बरं."

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. अकोल्याची एसटी अडीच-तीन तासांची. "बसमंदी टिकंन का हे?"

डॉक्टरणीनं टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा सारखी केली. ते उत्तर पार्बताबाईंना कळलं.

दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी नागसेनला फोन लावला. नागसेन शेषरावांच्या हाताखाली शिकला होता, आता अकोल्याकडच्या एका दवाखान्यात ड्रेसर होता. त्यांनी सगळं सांगितलं.

"काकू, असं काम तर काकाजीच करत. कोंबडीचं करत, बदकाचं करत, अंडं सगळंच्या सगळं बाहेर काढत. डॉक्टरसायेबबी त्याईलेच बलावत. आमी नुसते पाहत उभे राहो. फोनवर कसं सांगू मी? ते हाताचं काम हाये. त्याईलेच इचारा ना."

"त्याईले बोलता येते काय बाप्पा," पार्बताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ऑटोत त्यांनी पिशवी छातीशी धरली. एका बदकासाठी साठीची बाई रस्त्यावरून डोळे पुसत चालली आहे, हे पाहून लोकांना काय वाटत असेल याची त्यांना एरवी फार काळजी असायची. आज नव्हती. कारण प्रश्न बदकाचा नव्हताच, किंवा नुसत्या बदकाचा नव्हता.

शेषरावांना अर्धांगाचा झटका आला त्याला चौदा महिने झाले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला आणि बोलणं पार बंद झालं. चालायचा लोखंडी स्टँड आणला, तो कोपऱ्यात कपडे वाळवायच्या कामी आला. मालिश करणारा मुलगा महिनाभर येऊन कंटाळला. शेषराव भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कुणी उठा म्हटलं की डोळे मिटायचे.

मॅडमला यातलं काही माहीत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी एका शेतकऱ्यानं दिलेलं ते पिल्लू, पाच वर्षं शेषरावांच्या मागं मागं फिरलेलं. पेरूच्या झाडाखालच्या टाक्यापाशी रोज सकाळी शेषराव न्यायचे, तेव्हा ती जायची. आता ती सकाळी येऊन खाटेच्या पायाशी उभी राहायची आणि ओरडायची. पार्बताबाईंनी हाकललं, पुन्हा आली. सतरा-अठरा दिवस हा तमाशा चालला. मग एका सकाळी चहा घेऊन बाहेर येतात तो खाट रिकामी. शेषराव डाव्या हातात काठी घेऊन अंगणात उभे होते, उजवा पाय मागे ओढत होते, आणि पुढे मॅडम थांबून थांबून मागे पाहत होती. टाकं गाठायला त्यांना पाव तास लागला. आणि तिथं पोहोचल्यावर ते बोलले. झटक्यानंतरचा पहिला शब्द. "चाल," असं ते बदकाला म्हणाले.

त्यानंतर दुसरा शब्द आला नाही, पण रोज सकाळी चालणं झालं. अकोल्याहून मुलगी हर्षा आली, तिनं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मातीत पाय घसरून बाबा पडतील म्हणून तिनंच मागं लागून अंगणात कोबा करून घेतला. पाय सटकू नये म्हणून मुद्दाम खरखरीत. त्या अंगणात शेषरावांचा पाय एकदाही घसरला नाही. मॅडमचा तळवा मात्र फाटला. मॅडम क्रेटमध्ये गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शेषराव उठले नव्हते.

बदक गेलं तर माणूसही जाणार, हे पार्बताबाईंनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ऑटोवाला काहीतरी विचारत होता, त्यांना ऐकू आलं नाही.

"आल्या का माय," दुर्गाबाई फाटकातच भेटली. "तुमी गेल्यापासून भाऊजी दाराकडेच पाहून राहिले. जेवले नाई, ताट ढकलून देल्लं. काय म्हने डॉक्टर?"

"पानी तपव बाई. आंघोळीचं तपवतो ना, तेवढंच."

ओसरीवर शेषराव खाटेवर उठून बसले होते. नऊ दिवसांत प्रथमच बसले होते. पार्बताबाईंनी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तिथंच खाली बसल्या.

"अंडं अटकलं म्हने," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. मग एका दमात म्हणाल्या, "टरफलाचा डबा मी फेकला. कोब्याखाली गेला तो. तुमी रोज दाखवत होते, मले समजलं नाई."

शेषरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एरवी झटक्यानंतर त्यांना पटकन रडू यायचं, आज आलं नाही. रागवायला वेळ नव्हता, किंवा असेलही तर त्यांनी तो पुढच्यासाठी ठेवला. त्यांचा डावा हात मॅडमच्या पोटाखाली गेला, बोटं शेपटीपाशी थांबली, थोडी सरकली, पुन्हा थांबली. डॉक्टरणीचे हात जिथं थांबले होते तिथंच. पण हे हात तिथं थांबून जणू काही वाचत होते. मग त्यांनी मान हलवली आणि खाटेपुढची जमीन दाखवली. घमेलं इथं.

दुर्गाबाईनं पाणी आणलं. पार्बताबाईंनी कोपर बुडवून पाहिलं, बाळंतिणीच्या घरात पाहतात तसं. मॅडमला पाण्यात बसवलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे पंख सैल झाले, डोळे मिटले. पाणी निवलं की दुर्गाबाई वरून कढत घालत होती. अर्धा तास गेला. कळा येत होत्या, पण एकेक कळ आधीच्या कळेपेक्षा दुबळी. एकदा शेपटीखाली रुपयाएवढं पांढरं दिसलं आणि आत गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा आत गेलं. मॅडमची मान घमेल्याच्या काठावर पडली.

शेषरावांनी पार्बताबाईंचं मनगट धरलं.

"मी? मले नाई जमणार."

शेषरावांनी स्वतःचा उजवा हात डाव्यानं उचलून दाखवला आणि सोडून दिला. तो खाटेवर पडला. मग त्यांनी बायकोच्या नखांवर बोट ठेवलं. पार्बताबाई उठल्या, नखं कापली, साबणानं हात कोपरापर्यंत धुतले. परत आल्या तर शेषरावांनी पुन्हा मनगट धरलं आणि या वेळी बोट बांगड्यांखाली घालून ओढलं.

"वर सारतो ना," त्या म्हणाल्या आणि बांगड्या कोपराकडे चढवल्या. हात खाली करताच त्या किणकिणत मनगटावर आल्या. शेषरावांनी पुन्हा बोट घातलं.

"काय करता माय," दुर्गाबाईचा आवाज चढला. "मालक समोर बसेल हाये, अन् तुमी काचेच्या बांगड्या उतरवता? तेबी असं आजारपन असताना? एका पाखरासाठी?"

पार्बताबाई थिजल्या. अमरावतीच्या इस्पितळात शेषराव बेशुद्ध होते ते सहा दिवस त्या बाकावर बसून याच बांगड्यांवरून हात फिरवत होत्या. बाकी सगळं सोडलं होतं, जेवण, झोप. या तेवढ्या धरून ठेवल्या होत्या. आता ज्यांच्यासाठी धरल्या तेच काढ म्हणत होते.

"त्याईलेच पाह्यजे," त्या दुर्गाबाईला म्हणाल्या.

दुर्गाबाईनं तोंड फिरवलं आणि पाणी तापवायच्या निमित्तानं चुलीकडे गेली. शेषरावांनी बायकोचा हात आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरला, अंगठ्याचं मूळ आत दाबलं आणि साबणाच्या ओल्या हातावरून एकेक बांगडी उतरवली. सात होत्या. एकही पिचली नाही, कुठं खरचटलं नाही. हे हात इतके हलके आहेत, हे पार्बताबाईंना लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळत होतं. बांगड्या शेषरावांनी सदऱ्याच्या खिशात टाकल्या.

तेल लावलं. पार्बताबाईंची दोन बोटं पांढऱ्या कवचाच्या कडेला आणि दुसरा हात पोटावर. शेषरावांचा हात त्यांच्या मनगटावर. कळ आली की त्यांची बोटं मनगटावर दाबली जायची, तेवढाच दाब पार्बताबाई पुढे द्यायच्या. कळ ओसरली की बोटं सैल. त्यांनी घाईनं थोडं जास्त दाबलं तर मनगटाला लगेच चिमटा बसला.

आणि तेव्हा त्यांना आठवलं. कधीतरी, अकोटच्या खोलीत, भाकरी वाढताना, त्यांनी "जेवताना नका सांगू" म्हणायच्या आत शेषराव एक वाक्य पुरं बोलून गेले होते. "जनावर कळ देईन तवाच आपन जोर लावाचा. ते थांबलं का आपनबी थांबाचं. त्याच्या म्होरं जाचं नाई." एकतीस वर्षांतलं तेवढं एक वाक्य निसटून त्यांच्यापाशी राहिलं होतं.

"थांबतो मी," त्या पुटपुटल्या. "तू दे कळ. दे माय. मी थांबतो."

ऊन टाक्यावरून सरकून पेरूपाशी गेलं. त्यांचे गुडघे मेले होते, पाठ गेली होती. एक कळ, एक थांबणं. पांढरं रुपयाएवढं, मग लिंबाएवढं, आणि मग एका कळेला मनगटावरची बोटं एकदम आवळली आणि पार्बताबाईंच्या ओंजळीत काहीतरी गरम, जड, गुळगुळीत घसरून आलं. त्यांनी खाली पाहिलं. अंडं होतं. सबंध. कवचावर बारीक रक्ताची रेघ होती, चीर एकही नव्हती.

"निंगालं," त्या म्हणाल्या. "अवो, निंगालं. फुटलं नाई."

शेषरावांनी मान हलवली, पण ते अंड्याकडे पाहत नव्हते.

मॅडमला कोरड्या फडक्यात गुंडाळून उन्हाच्या तुकड्यात ठेवलं. दुर्गाबाईनं बोटानं गुळाचं पाणी चोचीला लावलं, तिनं ते घेतलंही. एकदा मान उचलून ती टाक्याच्या दिशेनं पाहत राहिली. पार्बताबाईंना वाटलं, आता ओरडेल. मान हळूहळू त्यांच्या हातावर आली आणि जड झाली. शेषरावांनी वाकून पंखाखाली दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग काढली आणि फडक्याचं टोक तिच्या डोळ्यांवर ओढलं. ज्यांची जनावरं वाचली नाहीत त्या माणसांना आपला नवरा हे कसं सांगत असेल, हेही पार्बताबाईंनी त्या दिवशीच पाहिलं.

त्यांना रडू आलं नाही. भीती वाटली. उद्या सकाळी खाटेच्या पायाशी कोण उभं राहणार, एवढंच डोक्यात येत होतं. सगळं शेषरावांनी सांगितल्यासारखं केलं, काही फुटू दिलं नाही, आणि तरी हातात अंडं राहिलं आणि जीव गेला. त्यांनी अंडं पुसून खिडकीच्या फळीवर, डब्याच्या जागी ठेवलं. दुसरी जागा सुचली नाही.

पेरूच्या बुंध्याभोवती कोब्यानं हातभर माती मोकळी सोडली होती. अख्ख्या अंगणात मऊ जागा तेवढीच. दोघींनी विळ्यानं आणि भाकरी उलथायच्या सराट्यानं खड्डा केला. दुर्गाबाईनं माती लोटली, जाताना ती पार्बताबाईंच्या रिकाम्या मनगटाकडे पाहून थांबली. "सांजचं मी भाजी आनून देतो," म्हणून निघून गेली.

पार्बताबाई दाराकडे आल्या. हात कोपरापर्यंत तेलानं, रक्तानं, मातीनं भरलेले, अंगापासून दूर धरलेले. पायरीखाली येऊन त्या थांबल्या. या हातांनी घरात जायचं नाही, हा नियम त्यांचाच. पाणी घालायला आत कुणी नव्हतं. नळाची तोटी या हातांनी कशी सोडायची, याचा विचार करत त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

मग बांगड्या वाजल्या.

त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, ते रिकामंच होतं. वर पाहिलं. ओसरीवर शेषराव उभे होते. काठी खाटेला टेकलेली राहिली होती, कारण डाव्या हातात तांब्या होता. ते एक पाऊल टाकत होते, उजवा पाय ओढून त्याच्या रांगेत आणत होते, थांबत होते. प्रत्येक पावलाला खिशातल्या बांगड्या किणकिणत होत्या आणि तांब्यातलं पाणी सांडत होतं. पार्बताबाई पुढे धावणार होत्या, पण त्यांचे हात तसे होते. त्या जागच्या हलल्या नाहीत. सात पावलं होती.

पायरीच्या कडेला शेषराव थांबले आणि तांब्या पुढे केला. पार्बताबाईंनी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी उंचावरून पाणी घातलं नाही. वाकून, अगदी जवळून घातलं, निम्मं स्वतःच्या पायांवर. पार्बताबाईंनी हात चोळले. तेल काही नुसत्या पाण्यानं जाणारं नव्हतं. तांब्या संपला. त्यांनी पंजे उलटे केले, मग सुलटे केले, आणि शेषरावांनी ते नीट पाहिले, नखंसुद्धा.

मग ते दारातून बाजूला सरले. त्यालाही त्यांना वेळ लागला.

"चाल," ते म्हणाले.